पऱ्हाटी काय जेवते? नवशिक्यांसाठी प्रयोगवही

उद्देश: झाड मातीतून काय घेतं, कसं घेतं आणि घेतल्यावर त्याचं काय करतं, हे वावरात उभं राहून पाहणे. शाळेच्या प्रयोगवहीत उद्देश एका ओळीत लिहायची पद्धत आहे, पण इथे दुसराही लिहावा लागतो: हे सगळं करताना धुऱ्यावर बसलेल्या मंडळींसमोर फार हसं होऊ न देणे. पहिला उद्देश साधण्याची शक्यता जास्त आहे.

स्थळ: रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा. पुलगाव-आर्वी नॅरोगेजवर रोहण्याचं स्टेशन होतं. ती गाडी आता चालत नाही, तेव्हा एसटीने या. माती काळी. उन्हाळ्यात आलात तर भेगांत पाय अडकेल, पावसाळ्यात आलात तर चप्पल वावरातच राहील. दोन्हीचं कारण एकच चिकणमाती आहे. पाणी प्याली की फुगते, वाळली की आक्रसते. शास्त्रज्ञ तिला स्मेक्टाइट म्हणतात. आम्ही तिला जे म्हणतो ते रुतलेली चप्पल उपसताना म्हणतो, त्यामुळे इथे छापता येत नाही.

साहित्य: सब्बल, फावडं, बादली, दाढीचं ब्लेड, चुलीतली राख आणि एक असा सहकारी, ज्याला तुमच्यापेक्षा शेती जास्त कळते पण जो तसं बोलून दाखवत नाही. यातला पहिला गुण रोहण्यात घरोघरी मिळतो, दुसरा मिळत नाही. मी शेजारच्या काकाजींना घेतलं.

आकृती: पुस्तकात असते तशी काढावी. खाली मुळं, वर पानं, मध्ये वर जाणारे निळे बाण. आकृती झाली की तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्या बाणांमुळे वाटतं की मूळ म्हणजे मोटारपंपाचा पाइप, जमिनीत जे असेल ते ओढणारा. तसं असतं तर आपण टाकलेली खताची प्रत्येक चुंगडी झाडाच्या पोटात गेली असती आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कृती पहिली, चुलीपासून.

कापूस वेचून झाला की वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा घरी आणा, चुलीत जाळा आणि उरलेली राख तोला. भाऱ्याच्या वजनाच्या शंभराला पाचच्या आसपास भरेल. पऱ्हाटीने मातीतून जे खनिज घेतलं ते बहुतेक या राखेत आहे: पालाश, चुना, मॅग्नेशियम, स्फुरद. नत्र तेवढं धुरातून उडून गेलं. बाकीचा अख्खा भारा, म्हणजे ज्याच्या ओझ्याने डोकं दुखलं होतं तो, हवा आणि पाण्यापासून बनलेला होता. पानांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, मुळांनी पाणी दिलं, उन्हाने दोघांचं लग्न लावलं.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. व्हॅन हेलमाँट नावाच्या गृहस्थांनी दोनशे पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड एकशे एकोणसत्तर पौंडांचं झालं, माती फक्त दोन औंसांनी घटली. हा हिशेब १६४८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. हवेचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही, आणि ते दोन औंस त्यांनी सोडून दिले. पुढचं सगळं वनस्पतिपोषणशास्त्र त्या दोन औंसांवर उभं आहे.

काकाजींना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हंजे मी जे खत टाकतो ते फकस्त राखेसाठी?" मी म्हटलं, हो, पण राखेतलं एकही कमी पडलं तर भारा होत नाही. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "अन् कापूस? कापसात किती राख?"

हा प्रश्न कुठल्याही प्रयोगवहीत नाही आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. रुई हे जवळजवळ निखळ सेल्युलोज, नव्वद टक्क्यांच्या आसपास. सेल्युलोजमध्ये कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. मातीतलं काहीच नाही. म्हणजे ज्या रुईवर भाव ठरतो ती हवा, पाणी आणि ऊन यांची. पण क्विंटलभर कापसात रुई निघते चौतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सरकी. नत्र, स्फुरद, पालाश, सगळं त्या सरकीत भरलेलं असतं, कारण बी म्हणजे पुढच्या झाडाचा डबा. तुमच्या वावराचं सत्त्व जिनिंगला जातं ते सरकीतून. तेल काढून झालं की तीच सरकी ढेप होऊन गावात परत येते, आपण ती पैसे देऊन विकत घेतो आणि गाईपुढे ठेवतो. आर्वीकडची गौळाऊ गाय ती खाते, शेण देते आणि त्या शेणाच्या गोवऱ्या होतात. गोवरी चुलीत जाते. नत्र पुन्हा धुरात. एवढा लांबचा प्रवास करून वावराच्या बांधापर्यंत आलेला नत्र शेवटच्या शंभर पावलांत आपण घालवतो.

(या वर्तुळावर आधी काम झालेलं आहे. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या केरकचऱ्यापासून कंपोस्ट करायची जी रीत बसवली, तिचं पुस्तक १९३१ साली निघालं. पऱ्हाट्यांसारख्या चिवट काड्या कशा कुजवायच्या, ही तिथली मोठी अडचण होती. उपाय असा की काड्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या आणि बैलगाड्यांना त्यांच्यावरून जाऊ द्यायचं. हॉवर्डांचं नाव जगभर झालं. मुखपृष्ठावर शेजारीच छापलेलं वाडांचं नाव आपल्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे.)

कृती दुसरी: खणा.

धुऱ्यावरून पीक पाहणारा माणूस पान पाहतो. नवशिक्याने मूळ पाहावं. सोयाबीन फुलावर असताना एक झाड सब्बल-फावड्याने मातीच्या गोळ्यासकट काढा. ओढू नका, ओढलंत तर जे पाहायचं ते जमिनीतच राहील. मुळाचा गोळा बादलीत बुडवा आणि माती सुटू द्या. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर समजा कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद.

गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलत भावाचा. गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून त्याचा अमोनिया करतात, पण ज्या विकराने ते करतात त्याला प्राणवायूचं वावडं आहे. जिवाणूंना मात्र श्वास घ्यायला प्राणवायू हवा. म्हणून झाड हा लाल पदार्थ मध्ये ठेवतं, तो प्राणवायू मोजून मोजून पोहोचवतो. शेंगवर्गीय झाडं हवेतला नत्र गाठींच्या मदतीने वापरतात, हे जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ साली दाखवलं. आपल्याकडे ज्वारीनंतर तूर किंवा मूग घेणाऱ्या माणसाला याचं कारण ठाऊक नव्हतं, परिणाम ठाऊक होता.

हेच काम माणसाने करायचं ठरवलं तेव्हा प्रचंड दाब, चारशे-पाचशे अंश तापमान आणि लोखंडाचं उत्प्रेरक लागलं. हाबर यांनी रीत शोधली, बॉश यांनी कारखाना उभा केला, १९१३ साली जर्मनीत ओपाऊला उत्पादन सुरू झालं. लगेच पहिलं महायुद्ध आलं आणि त्या नत्राची स्फोटकं झाली. रोहण्याच्या माणसाला हे लांबचं वाटायला नको. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळच आहे. तिथल्या स्फोटकांत आणि आपल्या युरियात नत्र एकच.

सोयाबीनला युरिया जास्त दिला की गाठी कमी धरतात, असलेल्याही सुस्तावतात. आयतं मिळतंय म्हटल्यावर झाड जिवाणूंना साखर कशाला घालेल? काकाजींचं म्हणणं, हे झाड अगदी आपल्या गावचं आहे.

कृती तिसरी, युरिया. इथे जरा थांबू, कारण गावात शास्त्रज्ञ म्हणून नाव व्हायचं किंवा जायचं ते इथेच.

एक बॅग ४५ किलोची, किंमत २६६ रुपये ५० पैसे, नत्र ४६ टक्के. म्हणजे वीस किलो सातशे ग्रॅम. गावात खतांची नावं आकड्यांनीच घेतात: अठरा-सेहेचाळीस, दहा-सव्वीस-सव्वीस. कृषी केंद्रापुढे उभं राहिलं की रतन खत्रीच्या मटक्याच्या जमान्यात आल्यासारखं वाटतं. युरिया वरून फेकला आणि पाऊस आला नाही तर आमच्या विम्लधर्मी जमिनीत तो अमोनिया होऊन उडतो. फेकल्यावर पाऊस जास्त झाला तर नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर खाली जातो, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरत नाही. म्हणून डवऱ्याच्या पाळीने तो मातीआड करायचा, आणि एकदम न देता विभागून द्यायचा. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचं वेष्टण सक्तीचं झालं, तेही नायट्रेट होण्याची घाई कमी व्हावी म्हणूनच.

पण समजा सगळं नीट केलं आणि नत्र मुळापाशी पोहोचला. तरी तो आत जाईलच असं नाही. मुळाच्या आतल्या भागाला पाणी न झिरपणाऱ्या पट्टीचा वेढा असतो. रोबर्ट कास्पारी यांच्यावरून तिला कास्पारी पट्टी म्हणतात. पेशींच्या फटीफटीतून शिरू पाहणारं इथे अडतं. पुढे जायचं तर कुठल्यातरी पेशीच्या आवरणातल्या दारातूनच. १९५२ साली अमेरिकेत एपस्टाइन आणि हेगन यांनी जवाच्या तोडलेल्या मुळ्या किरणोत्सारी रुबिडियमच्या पाण्यात बुडवून मोजमाप केलं. पाण्यातलं रुबिडियम वाढवलं तसं मूळ जास्त घेत गेलं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यानंतर बाहेर कितीही वाढवा, आत जाण्याचा वेग तितकाच. सोबत पालाश असेल तर रुबिडियम आणखी मागे पडायचं, कारण दोघांचं दार एकच. सणाच्या आदल्या दिवशी आर्वीच्या स्टँडवर एसटी लागते तेव्हा हेच घडतं. बाहेर दोनशे माणसं उभी राहिली म्हणून दार रुंद होत नाही. खिडकीतून रुमाल टाकणारे असतात, पण मुळाला खिडकी नाही.

आणि हे दार फुकट उघडत नाही. नायट्रेट आत ओढायला पेशी आधी आपल्या आतले हायड्रोजनचे धनभारी कण बाहेर ढकलते. ते परत आत येताना नायट्रेटला सोबत घेऊन येतात. ढकलायला ऊर्जा लागते, ऊर्जेला श्वास लागतो, श्वासाला हवा. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली आणि वावरात पाणी तुंबलं की मातीतल्या पोकळ्यांतली हवा जाते. मूळ गुदमरतं. जमिनीत खत असूनही पीक पिवळं पडतं.

मी नेमका अशा वेळी युरिया टाकला होता. पीक पिवळं दिसलं, नत्राची कमतरता वाचून आलो होतो, बॅग फोडली. तुंबलेल्या पाण्यात नायट्रेटवर दुसरेच जिवाणू तुटून पडतात आणि त्याचा वायू करून हवेत सोडतात. म्हणजे २६६ रुपये ५० पैसे देऊन मी आर्वी तालुक्याच्या हवेत नत्र मिसळला, जिथे तो आधीच अठ्ठ्याहत्तर टक्के आहे. काकाजी धुऱ्यावरून पाहत होते. संध्याकाळी म्हणाले, "बुडत्या माणसाले जेवाले वाढतेत काय गा?" मग स्वतःच फावडं घेऊन चर काढला. पाणी निघालं, वाफसा आला, डवरणी झाली, आठ-दहा दिवसांत पऱ्हाटी हिरवी दिसायला लागली. प्रयोगवहीत मी हे माझं निरीक्षण म्हणून लिहिलं.

निरीक्षण: पान बोलतं, पण त्याची भाषा शिकावी लागते. एक नियम मात्र पक्का. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम यांची टंचाई आली की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी बिघडतात. लोह, बोरॉन, चुना एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत. म्हणून त्यांची टंचाई शेंड्याला दिसते. संत्र्याच्या बागेत नव्या पालवीचं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. गंमत म्हणजे आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं. चुनखडीमुळे सामू आठच्या वर गेला की ते विरघळत नाही. कोठी धान्याने भरलेली आणि किल्ली विहिरीत, असं ते दुखणं.

या किल्लीसाठी झाडांनी आपापल्या युक्त्या काढल्या आहेत. संत्रा-तुरीसारखी झाडं मुळाशी आम्ल सोडतात. गहू-ज्वारीच्या कुळातली गवतं लोहाला चिमट्यात धरणारं रसायन सोडतात आणि चिमट्यासकट लोह आत घेतात. अशा रसायनांतल्या एकाचं नाव म्युजिनिक आम्ल. ते जपान्यांनी जवाच्या मुळांतून शोधलं, आणि जव-गव्हाला त्यांच्या भाषेत मुगी म्हणतात. आपल्या मुगाशी त्याचा संबंध नाही. ‘संबंध आहे’ असं मी गावात सांगून बसलो होतो, ते इथे दुरुस्त करतो.

तुरीबद्दलही एक सावधगिरी. तुरीच्या मुळांतून पाझरणारं पिसिडिक आम्ल लोहाने जखडलेला स्फुरद सोडवतं, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९० साली दाखवलं. ऐकायला छान आहे आणि भाषणांत छान वाजतं. पण ते लाल मातीचं प्रकरण आहे. आमच्याकडे स्फुरद जखडतो तो चुन्याने. लाल मातीतलं शहाणपण काळ्या मातीत तसंच चालेल असं समजू नये.

राहिला लाल्या. बोंडं भरायच्या दिवसांत पऱ्हाटीचं पान कडेने लाल होऊ लागतं आणि गावात चार निदानं तयार असतात: रोग आला, बियाणं बोगस, फवाऱ्यात काहीतरी होतं, कोणाची तरी नजर लागली. लाल रंग अँथोसायनिनचा. हिरवं हरितद्रव्य मोडलं की तो उठून दिसतो. प्रत्येक हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि भोवती नत्राचे चार. एकदम पुष्कळ बोंडं लागली की ती पानांतून हे सगळं ओढून घेतात. त्यात रात्री थंड पडल्या, जमिनीत ओल कमी किंवा फार झाली, तुडतुड्यांनी रस शोषला, की पान लवकर हार मानतं. कारणं चार-पाच, लक्षण एक. म्हणून दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी कधी गुण देते आणि कधी देत नाही. गुण आला की फवारणारा शास्त्रज्ञ ठरतो. नाही आला तर कृषी केंद्रवाला चोर ठरतो.

आत गेलेल्या नत्राचंही एक सांगायचं राहिलं. पानात नायट्रेटचा अमोनिया होतो, त्यातली पहिली पायरी करणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम लागतं, हेक्टरी काही ग्रॅम पुरे इतकं थोडं. आणि ऊनही लागतं. आठवडाभर आभाळ गच्च असलं की नायट्रेट पानात पडून राहतं, स्वयंपाकघरात शिधा यावा आणि चूल पेटू नये तसं. त्या आठवड्यात तुम्ही काहीही टाकलंत तरी उपयोग नाही. पत्ते खेळा. काकाजी तेच करतात.

अनुमान: ही जागा कोरी ठेवावी आणि माती तपासून आल्यावर भरावी. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी मोजतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज आणि बोरॉन. मॅग्नेशियम त्यात नाही, म्हणजे लाल्याचं भांडण पत्रिका आल्यावरही मिटणार नाही. पण बाकीच्या अकरा-बारा भांडणांना तरी कागद मिळेल.

नमुना असा घ्या. पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा करा आणि त्याच्या कडेची पातळ कापटी वरून खालपर्यंत घ्या. धुरा, विहीर, झाडाची सावली, उकिरडा आणि गुरं बांधायची जागा सोडा. खुरपी गंजलेली नको, नाहीतर लोह तिचंच मोजलं जाईल. सगळी माती सावलीत वाळवा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत. आणि ती कापडी पिशवीत भरा. माझा पहिला नमुना मी युरियाच्या रिकाम्या चुंगडीत नेला होता.